साळवेबाईंचा रविवार

साळवेबाईंच्या आधी मी त्यांचे बूट पाहिले. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायकांसाठी एक विश्रांतीची खोली होती. तिथे खिडकीच्या कट्ट्यावर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची एक जोडी वाळत ठेवली होती. शाळेतली मुलं पीटीला घालतात तसले बूट. नाड्या काढून गजाला बांधलेल्या, तळव्याला लाल माती. मला नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. कुणाच्या तरी मुलाचे असतील, असं मला वाटलं. तेवढ्यात एक सावळी, काटक, चाळिशी ओलांडलेली बाई आत आली. तिनं एक बूट उचलला, आत बोट घालून ओल चाचपली आणि परत जागेवर ठेवला.

"काल ओढ्यात गेला पाय," ती मला म्हणाली. "तू नवीन ना? चहा घेतलास का?"

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. बाहेरगावी फोन करायचा तर लोकांना आमच्याकडे कॉल नोंदवून ताटकळत बसावं लागे. लांबलचक बोर्डापुढे आम्ही बायका ओळीनं बसायचो, कानाला हेडफोन, हातात प्लग. इकडची वायर तिकडे खुपसायची आणि मुलुंडच्या माणसाला नागपूरशी, घाटकोपरच्या व्यापाऱ्याला राजकोटशी जोडून द्यायचं. लाइन मिळाली नाही की शिव्या आम्हाला. नव्या मुली रडायच्या. साळवेबाईंचा आवाज मात्र कधी चढला नाही. कुणी फारच आरडाओरडा केला तर त्या म्हणायच्या, "तुमचीच लाइन आहे साहेब, मिळाली की तुम्हालाच देणार. मी ठेवून घेऊन काय करू?" ओरडणारा माणूस पुष्कळदा हसायचा.

त्यांचं नाव वत्सला, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी त्या सगळ्यांच्या साळवेबाई. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "राहून गेलं गं. मग लक्षात आलं की चांगलं चाललंय."

त्यांचा सगळा आठवडा रविवारभोवती फिरायचा. सहा दिवस लोकांची बोलणी कानात घ्यायची आणि सातव्या दिवशी डोंगरात जाऊन कान धुऊन यायचे, असं त्या म्हणायच्या. मुलुंडच्या मागे डोंगर आहे. तो ओलांडला की तुळशी तलावाचं जंगल, आणि जंगलाच्या पलीकडच्या अंगाला बोरिवलीची कान्हेरी लेणी. तेव्हा आजच्यासारखी कुंपणं नव्हती. साळवेबाई उजाडता उजाडता निघायच्या. साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली, पायात ते बूट, खांद्याला शबनम पिशवी आणि पिशवीत भाकरी, ठेचा, कांदा, पाण्याची बाटली. त्या काळात नोकरदार बाई अशा अवतारात रस्त्यानं दिसायची नाही. पोरं मागून "लेफ्ट राइट, लेफ्ट राइट" ओरडायची. साळवेबाई खुशाल त्या तालावर पावलं टाकायच्या.

पुढे रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायला लागल्या आणि त्या वेळी रस्ते ओस पडू लागले. साळवेबाईंना त्याचा भलताच आनंद झाला. "सगळी मुंबई घरात कोंडून घेते," त्या म्हणाल्या, "आणि अख्खा डोंगर मला एकटीला सोडून देते. किती चांगले लोक आहेत."

आमच्या सुपरवायझर करंदीकर मॅडम यांना हे काही पटत नसे. मॅडम म्हणजे कडक इस्त्रीची साडी, केसात एक बट इकडची तिकडे नाही, आणि आवाज असा की बोर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या मुलीचा हात थांबायचा. रविवारच्या ओव्हरटाइमसाठी मुली त्यांच्या टेबलापाशी रांग लावत. साळवेबाई एकट्याच नाही म्हणायच्या.

"अहो साळवे, सगळ्या जणी ओव्हरटाइमसाठी भांडतात. तुम्हाला पैसे नकोत का?"

"पुरतंय की, मॅडम."

"पुरतं म्हणजे काय? कुणाला पुरतं का कधी?"

"मला पुरतंय," साळवेबाई म्हणायच्या. एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते सांगावं इतक्या साधेपणानं.

त्यांचं घर मी पाहिलं तेव्हा मला या पुरण्याचा अर्थ थोडा कळला. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी बैठी चाळ, तिच्यातली शेवटची खोली. आत एक खाट, एक पत्र्याची पेटी, स्टोव्ह, टेबलफॅन आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाकी सगळी मोकळी फरशी, आरशासारखी पुसलेली. मी आणि माझे यजमान भांडुपहून जेवायला गेलो होतो. माणसं तीन आणि ताटं दोन. साळवेबाईंनी आम्हाला ताटं दिली आणि स्वतः कढईवरचं झाकण उलटं करून त्यात जेवायला बसल्या.

"अजून एक ताट का नाही घेत?" यजमानांनी विचारलं.

"घेतलं की ते घासावं लागतं," साळवेबाई म्हणाल्या. "भाजी घ्या अजून. ती पुष्कळ आहे."

भाजी खरंच पुष्कळ होती आणि इतकी चविष्ट, की आमचे हे घरी परतताना बसस्टॉपवरही तिच्याबद्दलच बोलत होते. जेवणं झाल्यावर आम्ही दारात बसलो. समोर डोंगर. मी विचारलं, "तुम्हाला हा नाद लागला कुठून?" त्यांचं गाव जालन्याकडचं. त्या म्हणाल्या, "लहानपणी रोज डोंगरात जायचे मी. सरपणाला. डोक्यावर मोळी असली ना, की मान वर करता येत नाही. पायाखालचं तेवढं दिसतं. मुंबईला आले, नोकरी लागली, गॅस नाही पण स्टोव्ह आला. एका रविवारी सहज चढून गेले वर. डोक्यावर काही नव्हतं. मग बघतच बसले."

त्यांना एक भाऊ होता, प्रकाश. आईवडील लवकर गेले, तेव्हा साळवेबाईंनीच त्याला गावाहून आणून शिकवलं. तो बँकेत अधिकारी झाला, घाटकोपरला स्वतःचा ब्लॉक घेतला, बायको-मुलं, सगळं छान. आणि त्याच्या डोक्यात एकच किडा: ताईनं चाळ सोडून आपल्याकडे यावं. एका दिवाळीला तो टॅक्सीत टीव्ही घालून मुलुंडला गेला. रविवारी ताई घरी थांबेल, असा त्याचा हिशोब. साळवेबाईंनी त्याचं मन मोडलं नाही. त्याच्यासमोर टीव्ही लावला, त्याला चहा दिला, त्याच्याबरोबर बातम्या पाहिल्या. पुढच्या रविवारी त्यांनी तो टीव्ही उचलून चाळीच्या सामाईक ओट्यावर ठेवला, वायर आतून जोडायची म्हणून शेजारच्यांकडे खोलीची किल्ली दिली आणि डोंगरावर गेल्या. परत आल्या तेव्हा ओट्यावर सगळी चाळ बसलेली, आणि एका शेजारणीनं त्यांच्यासाठी शिरा झाकून ठेवलेला. "टीव्हीचा मला फार उपयोग होतो," असं त्या भावाला वर सांगायच्या.

प्रकाश एकदा एक्स्चेंजच्या फाटकाशी मला भेटायला आला. चांगला, सरळ माणूस. रुमालानं चष्मा पुसत म्हणाला, "वहिनी, ताई तुमचं ऐकते. तुम्ही सांगा ना तिला. तिनं माझ्यासाठी सगळं सोडलं. स्वतःला कधी काही घेतलं नाही. आता मी कमावतो, आणि ती एका खोलीत राहते, दर आठवड्याला जंगलात जाते. उद्या पडली, काही झालं, तर? लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच रात्री झोप लागत नाही."

मी ते साळवेबाईंना सांगितलं. त्यांनी हेडफोन काढून बोर्डावर ठेवला.

"वेडा आहे," म्हणाल्या. "त्याला वाटतं मी उपास करतेय. मला भूक एवढीच आहे, हे त्याला कसं सांगू?"

हे सगळं चाललं होतं तेव्हाच करंदीकर मॅडमचे निवृत्तीचे दिवस जवळ आले. एकदा चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, मॅडम आता काय करणार. मॅडम म्हणाल्या, "मुलानं गॅलरीत माझ्यासाठी आरामखुर्ची आणलीय." आणि मग कप खाली ठेवत, कुणालाही उद्देशून नाही असं, "मी आयुष्यात कधी डोंगर चढले नाही. माथेरानलासुद्धा घोड्यावर बसून."

"मग चला की," साळवेबाई म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं मॅडम आता झापणार. त्या म्हणाल्या, "कधी?"

मग काय, मी तयार झाले, आणखी दोघी-तिघी झाल्या, आणि मनोरीची ग्रेसी झाली. ग्रेसी आमच्यातली सगळ्यांत दांडगी. रोज मनोरीहून होडीनं खाडी ओलांडून, मग बस, मग गाड्या बदलून कामावर यायची आणि तरी कधी उशीर नाही. बेत असा ठरला की मुलुंडहून चढायचं, जंगल ओलांडून कान्हेरीला उतरायचं आणि तिथून बोरिवलीला. प्रकाशही बायको-मुलांना घेऊन दुपारी कान्हेरीला येणार होता. सगळ्यांनी मिळून तिथे जेवायचं. घरी माझ्या सासूबाईंनी ऐकलं आणि त्या मालवणीत म्हणाल्या, "गो, ती बाय तुका वाघाच्या तोंडात घालतली." तरी सकाळी उठून त्यांनीच मला घावणे करून दिले, वाघाच्या वाटणीचे धरून.

जानेवारीतला रविवार होता. मॅडम आल्या त्या छत्री, पावडर, इस्त्रीची साडी आणि मुलाचे क्रिकेटचे बूट अशा थाटात. साळवेबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फक्त नाड्या पुन्हा घट्ट बांधून दिल्या, खाली बसून, लहान मुलाच्या बांधाव्यात तशा. चढाला मॅडम सारख्या थांबत होत्या. त्या थांबल्या की साळवेबाईही थांबायच्या आणि काहीतरी दाखवायच्या. काटेसावरीला आलेली लाल फुलं, मुंग्यांचं पानांचं घरटं. मॅडम दमल्या म्हणून आपण थांबलोय असं कुणालाच वाटायचं नाही, मॅडमनाही नाही. वर पोचलो तेव्हा मागे मुलुंडची घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती आणि पुढे नुसतं रान, रानाच्या मधोमध तुळशीचं पाणी. कुणी काही बोललं नाही. दिवसभर बोलण्याचा पगार घेणाऱ्या आम्ही बायका, आणि कुणी काही बोललं नाही.

गडबड झाली ती उताराला. कान्हेरीच्या वरच्या अंगाला एक काळा कातळ लागतो. फार उंच नाही, पण घसरडा, त्यावर वाळलेलं गवत आणि बारीक खडी. आम्ही उतरायला लागलो आणि अर्ध्यावर आल्यावर मॅडम थांबल्या. एक पाय पुढे, एक मागे, छत्री कातळाला टेकवलेली.

"साळवे, मला येत नाही."

"इथे पाय ठेवा मॅडम, मी धरते."

"मला वरही जाता येत नाही आणि खालीही नाही. तुम्ही जा. कुणाला तरी बोलवा. पोलिसांना बोलवा." तो बोर्डावर सगळ्यांना गार करणारा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. एक जण मॅडमच्या मागे वर अडकली होती, बाकी आम्ही खाली उभ्या होतो, आणि खरं सांगायचं तर घाबरलो होतो. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता हे सगळ्यांना माहीत होतं.

साळवेबाईंनी आम्हाला हातानं थांबायची खूण केली. त्या परत चार पावलं वर चढल्या, मॅडमच्या खालच्या बाजूला कातळावर बसल्या आणि त्यांना धरून हळूच शेजारी बसवलं. मग पिशवीतून एक संत्रं काढून सोलायला लागल्या.

"अहो, हे काय करताय?"

"संत्रं सोलतेय. घाई कुठेय? प्रकाश वाट बघेल. त्याला सवय आहे."

एकेक फोड मॅडमच्या हातावर ठेवत त्या बसून राहिल्या. दोघी समोरच्या जंगलाकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं मॅडम बोलायला लागल्या. वारा आमच्याकडे येत होता म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं. "हे गेल्यापासून मुलगा मला रस्तासुद्धा एकटीला ओलांडू देत नाही, साळवे. फार प्रेम करतो. ऑफिस होतं म्हणून मी घराबाहेर तरी पडत होते. आता ती खुर्ची. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगची गच्ची दिसते. मला ती खुर्ची बघितली की धडकी भरते. या दगडाची नाही भरत तेवढी."

साळवेबाईंनी उपदेश केला नाही. सालं गोळा करून पिशवीत टाकली, आणि म्हणाल्या, "मॅडम, बसूनसुद्धा उतरता येतं."

"म्हणजे?"

"घसरगुंडीसारखं. मी पुढे बसते. तुम्ही माझ्या मागे."

मॅडमनी आपल्या साडीकडे पाहिलं. मग छत्री खाली ग्रेसीकडे टाकली. पुढे साळवेबाई, मागे त्यांच्या खांद्यांना धरून करंदीकर मॅडम, असं ते वाहन कातळावरून निघालं. थांबत, सरकत, थांबत, सरकत. शेवटच्या टप्प्याला उतार जरा जास्त होता. तिथे त्या दोघी सुसाट आल्या आणि खालच्या गवतात जाऊन पडल्या. क्षणभर काही हालचाल नाही. मग मॅडम उठून बसल्या. केसांत गवत, नाकावर माती. "साळवे," त्या म्हणाल्या, "माझी साडी फाटली का हो मागून?"

"फाटली," साळवेबाई म्हणाल्या. "माझीपण."

ग्रेसी आधी हसली, आणि मग कुणालाच आवरेना. मॅडम तर डोळे पुसत होत्या आणि परत परत मागे हात लावून बघत होत्या. आमच्यातली एकटी तेवढी अजून वर कातळापाशी उभी होती, ती खाली येताना पायानं येऊ शकत होती. पण ती म्हणाली, "मग मी काय पाप केलंय," आणि मुद्दाम बसून घसरत आली. त्यावर ग्रेसी परत वर चढली आणि तीही घसरली. मग मी. माझी साडी माहेरची होती. तिची वाट लागली, आणि मला अजून तिचं वाईट वाटत नाही.

कान्हेरीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. प्रकाश पायऱ्यांवर येरझाऱ्या घालत होता. मुलं जेवून खेळत होती, पण त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ताईला बघितल्यावर त्याचा चेहरा आधी सैल पडला आणि मग लाल झाला.

"ही वेळ आहे? मी चौकीत जायला निघालो होतो. तुला काही वाटतं का, ताई? तुझ्याबरोबर या सगळ्या बायका, यांची घरं आहेत, मुलं आहेत—"

"उशीर माझ्यामुळे झाला," करंदीकर मॅडम पुढे होऊन म्हणाल्या. आवाज परत आला होता. "मी वाटेत बसले होते. तुमच्या बहिणीनं मला खाली आणलं. तिला एक शब्द बोलू नका."

प्रकाशनं चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला. साळवेबाईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, तुला एक दाखवते." आम्हीही मागोमाग गेलो. वरच्या बाजूला डोंगरात कोरलेल्या लहान लहान खोल्या आहेत, जुन्या काळी भिक्खू राहायचे तिथे. एका खोलीत त्या त्याला घेऊन गेल्या. आत झोपायला दगडाचा बाक, दिवा ठेवायला कोनाडा, बाहेर ओसरी आणि ओसरीच्या बाजूला पाण्याचं टाकं. ओसरीतून सगळं जंगल दिसत होतं.

"बस," त्या म्हणाल्या. दोघं बाकावर बसली. "बघ. एक खोली. एक बाक. पाणी दारात. समोर झाडं. तुला हे बघून त्या माणसांची दया येते का?"

"ते भिक्खू होते, ताई."

"हो ना. माझ्याकडे तर पंखा आहे."

प्रकाशला हसायचं नव्हतं. त्यानं मान दुसरीकडे फिरवली. पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तो हसला, आणि हसता हसता रडला. साळवेबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "मी तुझ्यावर रुसून चाळीत राहत नाही रे," त्या हळू म्हणाल्या. "मला आवडतं. खरंच आवडतं. आठवड्यातून एकदा तुझ्याकडे जेवायला येईन, पण मला राहायला बोलवू नकोस." मग त्यांनी त्याला पिशवीतली भाकरी काढून दिली. त्यानं ती सगळी खाल्ली.

त्यानंतर प्रकाशनं तो विषय काढला नाही. मॅडम निवृत्त झाल्या आणि ती आरामखुर्ची, साळवेबाईंच्या शब्दांत, मुलगा स्वतःच वापरायला लागला. मॅडम दर रविवारी साळवेबाईंबरोबर निघायच्या. मुलानं विरोध केला तेव्हा मॅडमनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण एवढं कळलं की त्यानं आईला तिच्या मापाचे बूट आणून दिले.

मग आमचे दिवस बदलले. घरोघरचे फोन थेट बाहेरगावी लागायला लागले. बोर्डापुढच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या आणि आमची पांगापांग झाली. मला ठाण्याकडे पाठवलं, साळवेबाईंना पश्चिमेकडे कांदिवलीला. सगळ्या हळहळल्या, की आता यांचा डोंगर सुटला. "सुटला कुठे? आता कान्हेरीच्या बाजूनं चढेन," त्या म्हणाल्या. साळवेबाईंनी मुलुंडची खोली सोडली आणि कांदिवलीतच चारकोपला नव्यानं वसलेल्या सेक्टरांतलं एक लहानसं घर घेतलं. सामान हलवायला प्रकाशनं टेम्पो आणला होता. खाट, पेटी, स्टोव्ह, पंखा, तसबीर आणि कढई चढवून झाली तरी टेम्पो अर्धा रिकामा. ड्रायव्हरनं विचारलं, "बाकीचं दुसऱ्या फेरीला का?"

"एवढंच आहे," प्रकाश म्हणाला. मी निरोप द्यायला गेले होते, म्हणून मला ते ऐकू आलं. तो हे जरा अभिमानानं म्हणाला. मग टाय-बिय लावलेला तो बँकेचा अधिकारी मागे टेम्पोत खाटेवर जाऊन बसला, साळवेबाई त्याच्या शेजारी बसल्या, आणि दोघं बहीणभाऊ गप्पा मारत चारकोपला गेली. टीव्ही चाळीच्या ओट्यावरच राहिला.

मग भेटी कमी झाल्या. माझी मुलं लहान, ठाण्याची नोकरी, सासूबाईंचं आजारपण. दिवाळीला फोन व्हायचा. तो आता थेट लागायचा, आणि बोलणं पटकन संपायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा ग्रेसीच्या मुलीच्या साखरपुड्याचं बोलावणं आलं. आम्ही सगळे मार्वेला जाऊन होडीनं मनोरीला गेलो. जेवण झालं, वाजवणारे बसले, पुरुष माणसं नारळाच्या सावलीत आडवी झाली. ग्रेसी कुठे दिसेना. साळवेबाईही कुठे दिसेनात. त्या सकाळपासून आल्यात असं मी ऐकलं होतं. कुणीतरी म्हणालं, दर्यावर असतील बघ.

मी एकटीच वाळूतून चालत गेले. भरती येऊन थांबली होती, पाणी सपाट होतं. कमरेएवढ्या पाण्यात ग्रेसी उभी होती, लेकीच्या साखरपुड्याचा नवा झगा उतरवून जुना घातलेला. तिच्या दोन्ही तळहातांवर, पंजाबी ड्रेसमध्ये, साळवेबाई उताण्या पडल्या होत्या. केस पूर्ण पिकले होते. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, डोळे गच्च मिटलेले आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीचा भाव.

"काय चाललंय?" मी काठावरून विचारलं.

साळवेबाईंनी डोळे उघडले, आणि त्याबरोबर बुडाल्या. नाकातोंडात पाणी घेऊन उभ्या राहिल्या, खोकल्या, केस मागे सारले. "तरंगायला शिकतेय," म्हणाल्या. "ही म्हणते अंग सैल सोड. अंग सैल सोडायला आधी ते धरून ठेवलंय हे कळायला पाहिजे ना?"

"या वयात?"

"लहानपणी कुठे शिकणार गं? आमच्या गावात आम्हाला विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. पोहायचं कुठलं?" हे सांगताना त्यांनी समुद्रावर नजर फिरवली, लांब पलीकडे, जिथे मच्छीमार होड्या ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. आणि हसल्या. "इथे मला कुणी उतर म्हणून सांगत नाही. उलट ही बाहेर येऊ देत नाही."

"बाई, बडबड नको," ग्रेसी म्हणाली. "परत. पाठीवर."

मी साडी वर धरून घोटाभर पाण्यात उभी राहिले. साळवेबाई पुन्हा आडव्या झाल्या, पुन्हा बुडाल्या. पुन्हा आडव्या झाल्या. ग्रेसी मराठीत, इंग्रजीत आणि तिच्या गावच्या बोलीत सूचना देत होती. वरून आमच्या घरच्यांच्या हाका यायला लागल्या, होडीची वेळ झाली होती. मी निघते म्हणून सांगितलं तेव्हा साळवेबाईंनी पाण्यातून एक हात वर केला आणि त्या तोल जाऊन कुशीवर कलंडल्या. ग्रेसीनं त्यांना सरळ केलं.

वाळूचा चढ चढून मी नारळांपाशी आले आणि मागे वळून पाहिलं. ग्रेसी चार पावलं लांब सरकली होती. तिनं आपले दोन्ही हात पाण्याबाहेर काढून उंच धरले होते, धरलेलं नाही हे कुणाला तरी दाखवावं तसे. साळवेबाई पाण्यावर होत्या. लाटेबरोबर जरा वर जात होत्या, जरा खाली येत होत्या.